पेशींच्या पुटिका आणि मेंदूचा रक्तपुरवठा : प्रस्तावना

माळेगावच्या यात्रेत जित्राबाचे दात बघून वय सांगणारा माणूस एका साली नोटा मोजताना अडखळतो. तीस वर्षांपूर्वीचा सौदा आठवतो, कालचा व्यवहार लागत नाही. मधे कधीतरी तोंड वाकडं झालं होतं, दोन दिवसांत ओसरलं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आता घरचे म्हणतात, वय झालं. लोह्याच्या आसपास अशी घरं शोधावी लागत नाहीत. पायरीपायरीने उतरणारी ही बुद्धी बऱ्याचदा रक्तवाहिन्यांच्या दुखण्यातून आलेली असते : बीपी आणि शुगरमुळे मेंदूतल्या बारीक वाहिन्या अरुंद होतात, खोलवरच्या तंतूंना रक्त पुरत नाही. हे नुकसान भरून काढणारं औषध आजही नाही.

पेशींनी सोडलेल्या बारीक पिशव्यांनी, म्हणजे पुटिकांनी, ते भरून काढता येईल, ही या पुस्तकातली कल्पना मात्र मेंदूपासून फार दूर जन्मली. १९८३ साली मॉन्ट्रिअलमध्ये रोझ जॉनस्टोन मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशी तपासत होत्या. (आमच्या धनगरवाड्यांनी हे जरूर ऐकावं.) पक्व होताना या पेशी नकोशी प्रथिनं सूक्ष्म पुटिकांत भरून बाहेर टाकत. पुष्कळ वर्षं तो केरकचराच समजला गेला. २००७ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं, की पुटिकांतला आरएनए दुसऱ्या पेशीत जाऊन कामाला लागतो. इकडे मूलपेशी टोचणाऱ्यांना वेगळंच कोडं पडलं होतं : शिरेतून दिलेल्या पेशी बहुतांशी फुफ्फुसात अडकतात, तरी गुण येतो. मग गुण पेशींचा, की त्यांनी सोडलेल्या पुटिकांचा? २०१३ साली डेट्रॉइटमध्ये मायकेल चॉप यांच्या गटाने पक्षाघात झालेल्या उंदरांना नुसत्या पुटिका दिल्या; ते अधिक सावरले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात वैजयंती काळे यांच्या गटाने रक्त घडवणाऱ्या मूलपेशींवर पुटिकांचा परिणाम अभ्यासला.

रक्त कमी पडून येणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या प्रयोगांत उंदराच्या मानेतल्या दोन्ही मोठ्या धमन्या बांधून मेंदूचं रक्त कमी करतात. हे नुकसान काही आठवड्यांचं. माणसाचं तीस वर्षांच्या बीपीचं. माझी खरी अडचण इथेच आहे. शिवाय टोचलेल्या पुटिका यकृत आणि प्लीहा लगोलग गाळून घेतात, मेंदूपर्यंत थोड्याच पोचतात. म्हणून नाकावाटे देण्याचे प्रयत्न चालले आहेत.

तेव्हा या पुटिकांच्या, म्हणजे 'एक्सोसोम'च्या नावाखाली कुणी आजच इंजेक्शन विकत असेल, तर त्यासाठी रान गहाण ठेवू नये. बीपीची गोळी मात्र चुकवू नये. जीवशास्त्र शाळेतच सुटलेल्यांनी थेट उंदरांच्या प्रकरणापासून वाचायला घ्यावं. पुटिका गाळून वेगळ्या करण्याच्या खटपटी मागाहून वाचल्या तरी चालतील.