मळमळ व वांतिरोधक औषधे

मळमळ पोटात जाणवते, पण ती घडवतो मेंदू. मेंदूच्या बुडाशी असलेल्या चेतापेशींच्या जाळ्याकडे निरनिराळ्या वाटांनी सूचना येतात आणि कोणते औषध चालेल, हे वाटेवरून ठरते. अंधेरी-घाटकोपरात पावसाळ्यात उघड्यावरचे खाऊन बाधा झाली, की आतड्याच्या पेशी सेरोटोनिन सोडतात व ते व्हेगस चेतातंतूला चेतवते. ऑनडान्सेट्रॉन नेमके तेच अडवते, म्हणून केमोथेरपीतही त्याचा मोठा आधार असतो. रक्तातून फिरणारी विषद्रव्ये चौथ्या मस्तिष्कविवराच्या तळाशी ओळखली जातात. तिथे डोम्पेरिडोन डोपामिनला रोखते.

बोरिवलीहून नाशिकला जाताना कसारा घाटात गाडी लागते ती मात्र वेगळ्याच वाटेने. नजर पुढच्या सीटवर खिळलेली असते, आतल्या कानाला वळणे जाणवत असतात आणि या विसंगतीचा निरोप हिस्टामिन व ॲसिटिलकोलिन पोहोचवतात. म्हणून इथे ॲव्होमिनमधले प्रोमेथॅझिन लागू पडते, ऑनडान्सेट्रॉनचा फारसा उपयोग होत नाही. ‘आम्हाला तर त्यानेच बरे वाटले’ असे कोणी म्हणेल. पण घाट संपला की मळमळ आपोआपही ओसरते, तेव्हा हा पुरावा कच्चा आहे. प्रोमेथॅझिनची गोळी प्रवासाआधी घ्यावी लागते. तिने गुंगी येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये.