विजयदुर्गच्या पाण्याखालीं

मी राहतों तें पाबळ गांव समुद्रापासून पुष्कळ दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस, पावसाची वाट पाहणारें आहे. येथें मस्तानीची समाधि आहे. तिच्यामुळें थोरल्या बाजीरावांचें नांव आमच्याकडे मुलांच्याहि तोंडीं असतें. परंतु त्याच बाजीरावांचे चिरंजीव नानासाहेब यांच्या कारकीर्दींत मराठ्यांचें एक बलाढ्य आरमार कोंकणच्या पाण्यांत जळून गेलें, हें फारच थोडे जण आठवतात. आज त्या पाण्याविषयीं बोलावयाचें आहे.

विजयदुर्ग ऊर्फ घेरिया हा किल्ला वाघोटन खाडीच्या मुखाशीं, तीन बाजूंनीं पाण्यानें वेढलेला. कान्होजी आंग्रे १७२९ सालीं वारले. पुढें घरांत भाऊबंदकी माजली आणि विजयदुर्ग तुळाजीकडे आला. तुळाजी पेशव्यांस जुमानीना, म्हणून १७५५ सालीं पेशव्यांनीं मुंबईकर इंग्रजांशीं करार केला. १७५६ च्या फेब्रुवारींत ॲडमिरल वॉटसनचीं जहाजें खाडीच्या तोंडाशीं आलीं. जमिनीवरील फौजेचा प्रमुख क्लाइव्ह, जो पुढें प्लासीस गाजला, तोच. तुळाजी आधींच बोलणीं करण्यासाठीं पेशव्यांच्या छावणींत गेला होता. दिनांक १२ रोजीं तोफांचा एक पेटता गोळा ‘रेस्टोरेशन’ नांवाच्या जहाजावर पडला. हें जहाज मूळचें कंपनीचेंच, आंग्र्यांनीं पाडाव केलेलें! त्यावरून आग गुराबांवर पसरली आणि सारें आरमार तेथेंच राख झालें. दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला. तो पेशव्यांच्या हातीं यावयास मात्र ऑक्टोबर उजाडला, आणि त्याच्या मोबदल्यांत बाणकोट इंग्रजांस द्यावें लागलें. भाऊबंदाचें घर जाळण्यास परक्याची चूड आणली, ती अशी महाग पडली.

हें झालें पाण्यावरचें. पाण्याखालीं काय आहे, हें पाहण्याचें साधन मनुष्यास फार उशिरां लाभलें. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो आणि गान्यां या दोघांनीं श्वासाबरोबर हवा पुरविणारें यंत्र सिद्ध केलें. पाठीवरील नळकांड्यांत प्राणवायु असतो असें लोक समजतात. वस्तुतः सामान्यतः ती आपली नेहमींचीच हवा, दाबून भरलेली. दहा मीटर खोलीवर शरीरावरील दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. म्हणून पाणबुड्यानें वर येतांना घाई करूं नये. रक्तांत मुरलेला नत्रवायु बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडूं लागला, तर सांधे धरतात आणि प्रसंगीं प्राणहि जातो.

आमच्याकडे पौषांत शेकोटीवांचून निभत नाहीं. कोंकणचा समुद्र तेव्हां कोमटच असतो. तरीहि पाणी अंगांतली ऊब हवेपेक्षां कितीतरी लवकर ओढून घेतें, म्हणून रबरी पोशाख घालावा लागतो. पावसाळ्यांत खाड्या गाळ ओततात. दिवाळीनंतर तो बसूं लागतो, पाणी निवळतें. मालवण-तारकर्लीकडे हौशी मंडळी बुडी मारतात ती याच ऋतूंत. खडकांच्या रांगा, त्यांमधल्या अरुंद घळी, त्यांत दडलेले मासे, प्रवाळाचे गड्डे, हें त्यांस दिसतें. तांबडा रंग खोलीबरोबर प्रथम नाहींसा होतो. दिवा लावावा तेव्हां तो परत उमटतो. मालवणचा कांहीं भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथें प्रवाळावर पाय देऊन छायाचित्रें काढविणारे मला खरोखर अडाणी वाटतात. प्रवाळाचें बेट बोटभर वाढावयास वर्षें लागतात.

विजयदुर्गाजवळ पाण्याखालीं एक भिंत आहे, तिच्यावर शत्रूचीं जहाजें आपटून फुटत, असें पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पाहणी करणाऱ्यांनीं आठ-दहा मीटर खोलीवर जांभ्या दगडाची रांग असल्याचें नमूद केलें आहे. लांबी सुमारें १२२ मीटर, रुंदी ७, उंची ३. परंतु मला येथें शंका घ्यावीशी वाटते. माथ्यावर पांच-सात मीटर पाणी राहिलें, तर त्या काळचें गलबत त्यावरून सुखानें जाईल. मग आपटेल काय? समुद्राची पातळी तीन शतकांत इतकी चढलेली नाहीं. वॉटसनचीं जहाजें तर आंत येऊन तोफा डागूं शकलीं. जांभा आपण होऊनहि सरळ रेषेंत तुटतो. तेव्हां चिऱ्यांचे सांधे, टांकीच्या खुणा, चुना यांपैकीं कांहीं हातीं लागल्यावांचून ‘ही शिवछत्रपतींची भिंत’ असें छापणें म्हणजे महाराजांच्या खऱ्या दुर्गांचाच अपमान. खडकांत कोरलेली आंग्र्यांची गोदी खाडीवर उघडी पडली आहे. ती पाहण्यास बुडी मारावी लागत नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, तिकडे कोणी फिरकत नाहीं!

किनाऱ्यापासून सुमारें १०५ किलोमीटर पश्चिमेस एक मोठी बुडित टेकडी आहे. लांबी चाळीस, रुंदी पंधरा किलोमीटरच्या आसपास, माथा पाण्याखालीं वीस मीटरांवर. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं समुद्र आजच्याहून शंभर मीटरांपेक्षां अधिक खालीं होता, तेव्हां हें बेटच असणार. आज तेथें प्रवाळ नांदतो. नकाशांत तिचें नांव ‘अँग्रिया बँक’ असें आहे. ज्या घराण्याचें आरमार इंग्रजांनीं जाळलें, त्याचेंच नांव इंग्रजी नकाशांवर राहिलें, आणि अद्याप तें कोणी बदललेलें नाहीं.