रीलिंगखात्यांतील वेळ आणि वेतन

सोयीच्या वेळेनें काम करण्याची जी चर्चा अलीकडे कचेऱ्यांतून ऐकूं येते, ती पुष्कळांना अगदीं नवीन वाटते. मुंबईच्या कापड-गिरण्यांत ही रीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं रूढ होती. मात्र तिची किंमत कोण मोजीत होतें, तें पाहण्यासारखें आहे.

गिरणीचा भोंगा पहाटे वाजे तो पुरुषांसाठीं. सुताच्या लडी करणाऱ्या रीलिंग व वाइंडिंग खात्यांतील बायका घरची चूल आटोपून कांहींशा उशिरानें आंत शिरत आणि पुरुषांच्या आधीं घरीं परतत. त्यांच्यावर हुकमत चाले ती नायकिणीची. (या शब्दाचा येथील अर्थ स्त्री-मुकादम एवढाच.) काम देणें, काढून घेणें, उशिराकडे काणाडोळा करणें, सर्व तिच्या मर्जीवर! ही मोकळीक फुकट नव्हती. मजुरी उक्ती, जेवढें सूत गुंडाळलें तेवढे पैसे. चुलीपाशीं गेलेला तास बाईच्याच कमाईंतून कापला जाई. साच्यावरच्या विणकऱ्याच्या मानानें तिच्या हातीं फार थोडें पडे. आणि दोहोंची तुलना करण्याचा प्रश्नच उद्भवत नसे, कारण तिच्या खात्यांत तुलनेला पुरुष नव्हताच.

बाई गप्प होती, असें मात्र नव्हे. २४ एप्रिल १८९० रोजीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं महालक्ष्मीस भरविलेल्या सभेला सुमारें दहा हजार कामगार लोटले, आणि तेथें दोन कामगार स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. शिकलेल्या घरांतील स्त्रीनें सभेंत बोलणें हेंही ज्या काळीं नवल होतें, त्या काळची ही गोष्ट. आठवड्याची सुट्टी त्याच वर्षीं मिळाली. पुढील वर्षींच्या कायद्यानें बायकांचा दिवस अकरा तासांचा ठरला. पुरुषांच्या तासांना १९११ पर्यंत मर्यादाच नव्हती.

येथून एक विचित्र कथा सुरू होते. बाईच्या भल्यासाठीं केलेला नियम मालकाच्या हिशेबवहींत तिच्याच नांवावर खर्च म्हणून पडूं लागला. १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत प्रसूति-साहाय्याचें बिल आलें, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मर्मावर बोट ठेवलें. मालक बाईला कामास लावतो तो त्यांत त्याला अधिक फायदा दिसतो म्हणून; तेव्हां या खर्चाचा कांहीं भाग त्यानें सोसावा हें वाजवीच, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ त कायदा झाला, पण त्यानें सगळाच भार एकट्या मालकावर टाकला. मग तरुण विवाहितेपेक्षां विधवा बरी, आणि तिच्याहूनही पुरुष बरा, असा हिशेब सुरू झाला. त्यांतच नवीं यंत्रें आलीं, गिरण्या दोन पाळ्यांनीं चालूं लागल्या, आणि रात्रपाळी तर बायकांना कायद्यानेंच बंद! १९२० नंतरच्या दशकांत पांच कामगारांत सुमारें एक स्त्री असे. पुढें तें प्रमाण उतरतच गेलें. माझ्या मतें दोष संरक्षणाचा नव्हे, भार एकाच खांद्यावर देण्याच्या रीतीचा होता. १९४८ च्या राज्य विमा कायद्यानें तो एका सामाईक निधीवर नेला, पण तोंवर रीलिंगखातीं ओस पडूं लागलीं होतीं.

समान वेतनाचा कायदा आला १९७६ सालीं. त्याचा खरा कस लागला तो गिरणींत नव्हे, मुंबईंतीलच एका जहाज कंपनीच्या कचेरींत. तेथील लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांहून कमी पगार मिळे. कंपनीचें म्हणणें असें कीं, या बायका वरिष्ठांच्या खासगी कामाच्या, म्हणून त्यांचा वर्गच निराळा. रीलिंगखात्याचाच हा न्याय, फक्त पंख्याखालीं बसलेला! १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला. परवडत नाहीं, ही सबबही ऐकली नाहीं.

पुढें २०१७ च्या दुरुस्तीनें प्रसूतीची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसांवर गेली. रजेनंतर घरून काम करण्याची मुभाही तींत आली, अर्थात् मालकाशीं ठरवून. विमा योजनेबाहेरच्या कचेऱ्यांत या सव्वीस आठवड्यांचा पगार मात्र, १९२९ प्रमाणेंच, एकट्या मालकानें द्यावयाचा ठरला.