तळटीप : अगरिया

मूळ मजकुरात 'लोहार' असा सरसकट शब्द आला आहे, पण लेखकाला अभिप्रेत आहेत ते अगरिया जमातीचे लोक. फरक मोठा आहे. आपला गावचा लोहार तयार लोखंडाला आकार देई. अगरिया खनिजापासून लोखंडच गाळत. मातीची भट्टी पुरुषभर उंचीचीही नसे. इंधन लाकडी कोळशाचे, आणि भाता हाताने ओढायचा नव्हे, तर आळीपाळीने पाय देऊन चालवायचा. बांबूची काठी दाबलेला भाता पुन्हा वर उचले.

व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली अगरियांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. लोहासुर, कोयलासुर आणि आग्यासुर ही अगरियांची दैवते. म्हणजे लोखंड, कोळसा, अग्नी. पुराणांनी खलनायक ठरवलेले असुर इथे भट्टीचे राखणदार! इंग्रजी अमलात भट्ट्यांवर कर बसला, बाहेरून स्वस्त लोखंड आले, आणि धंदा बसला.

लोखंड गाळणे मात्र थांबले नाही. रायपूरहून पश्चिमेला तासाभराच्या वाटेवर भिलाई आहे. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या तिथल्या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. खनिज येते दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून. उद्योगपती दोराबजी टाटांना या खनिजपट्ट्याचा सुगावा लागला तो नागपुरात, संग्रहालयातला भूगर्भीय नकाशा पाहताना.