वेगदंड (धर्मापुरी–परळी परिसराच्या संदर्भात)

वेगदंड : रस्त्यासाठी ठरवून दिलेली वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल वाहनचालकाकडून वा वाहनमालकाकडून शासन वसूल करते ती रक्कम. बोलीत तिला ‘चलन’ म्हणतात. पावतीपुस्तके जाऊन मोबाइलवर संदेश येऊ लागले, तरी ‘पावती फाडली’ हा शब्दप्रयोग टिकून आहे. हा दंड जीव वाचवण्यासाठी की तिजोरी भरण्यासाठी, असा वाद जगभर चालतो. महाराष्ट्रात तो बहुधा मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या संदर्भात मांडला जातो. धर्मापुरी हे बीड जिल्ह्याच्या परळी वैजनाथ तालुक्यातील गाव, उत्तर चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरासाठी प्रसिद्ध. परळी, अंबाजोगाई, घाटनांदूर आणि अहमदपूर यांच्या मधल्या या पट्ट्यातून तोच वाद पाहिला, तर त्यातले काही प्रश्न गळून पडतात आणि काही नवे उभे राहतात.

कायद्याची चौकट : वेगमर्यादेचा आधार मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ११२ आहे. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी नसलेल्या साध्या रस्त्यांवर मोटारीला ताशी ७० किमी, तर दुचाकी व मालवाहू वाहनांना ६० किमी ही कमाल मर्यादा आहे. राज्य शासन ती आणखी खाली आणू शकते. मात्र तसा फलक रस्त्यावर हवा. कलम १८३ मध्ये दंड आहे आणि त्याच कलमात सहसा कोणी न वाचलेली एक तरतूद आहे. ‘गाडी माझ्या मते जोरात होती’ एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. त्या मतामागे यंत्राचे मोजमाप असावे लागते. फाट्यावर नुसत्या नजरेने वेग ठरवून केलेल्या कारवाईला कायद्याचा पाया नाही, तो याच कारणाने.

मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड होता ४०० रुपयांपर्यंत. २०१९ च्या दुरुस्तीने तो हलक्या वाहनांसाठी १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनांसाठी २,००० ते ४,००० रुपये झाला. या दुरुस्तीचा धागा परळी तालुक्यापर्यंत येतो. नाथ्रा गावचे गोपीनाथ मुंडे केंद्रीय मंत्री झाल्यावर काही दिवसांतच, ३ जून २०१४ रोजी, दिल्लीत मोटार अपघातात गेले. ते मागच्या आसनावर होते, पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर केंद्रीय परिवहन मंत्री नितीन गडकरी यांनी नव्या वाहतूक कायद्याची घोषणा केली. पहिला मसुदा मागे पडला, २०१६ मध्ये दुरुस्ती विधेयक आले, आणि वाढीव दंड १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. महाराष्ट्राने मात्र विधानसभा निवडणूक तोंडावर असताना ते थांबवले आणि डिसेंबर २०२१ मध्ये स्वीकारले. दंड ही मते घालवणारी गोष्ट आहे, हे राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक आहे. नुसती वसुलीच हवी असती तर ही सव्वादोन वर्षांची टाळाटाळ कशासाठी झाली असती, हा प्रश्न महसूलवादी मंडळींनी विचारात घ्यायला हवा.

आकडे आणि ‘भरधाव’ हा शब्द : केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. महाराष्ट्रातील मृत्यू पंधरा हजारांवर होते. वेगदंडाचे समर्थन प्रामुख्याने याच टक्केवारीवर उभे आहे. पण हा रकाना भरतो कसा, हे पोलीस ठाण्यातील फिर्याद वाचली की कळते. ‘भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे’ ही शब्दांची माळ जवळपास प्रत्येक अपघाताच्या फिर्यादीत असते, कारण गुन्ह्याचे कलम लावायला ती लागते. तिथे वेग कोणी मोजलेला नसतो. उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेला दुचाकीस्वारही भरधाव, आणि त्याला उडवणारा टिप्परही भरधाव. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, साइडपट्टी खचली होती, वळणावर फलक नव्हता, या गोष्टी त्या माळेत बसत नाहीत.

असे असले तरी वेग घातक नाही असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्का वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. शिक्षा कामी येते याचाही पुरावा आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात वेग-कॅमेऱ्यांवरील ३५ अभ्यास तपासले गेले. त्यांतील ज्या अभ्यासांनी मृत्यू आणि गंभीर दुखापतीचे अपघात मोजले, त्यांत कॅमेऱ्यांच्या आसपास अशा अपघातांत ११ ते ४४ टक्के घट आढळली.

उसाचा हंगाम : धर्मापुरी परिसराचा विशेष प्रश्न येथे येतो. गळीत हंगामात या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाने लादलेल्या टायरच्या बैलगाड्या चालतात. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रातील राख वाहून नेणारे टिप्पर वर्षभर असतातच. ट्रॉलीवरचा ऊस दोन्ही बाजूंनी आणि मागे बाहेर आलेला असतो; दिवा असला तर तो वाढ्यांखाली झाकलेला. आता साधे गणित करू. ताशी ७० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे १९ मीटर. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २९ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी सुमारे २७. एकूण ५६ मीटर. समोरून वाहन येत असताना दिवा डिपरवर घेतला, तर विनादिव्याची ट्रॉली ४०–५० मीटरांवर दिसते. म्हणजे कायद्याने दिलेली मर्यादा तंतोतंत पाळणारी मोटारसुद्धा वेळेत थांबत नाही. ताशी ९० किमीला हेच अंतर ८० मीटरांच्या पुढे जाते. दोन्ही चालकांपैकी चलन फक्त दुसऱ्याला येईल. धडक दोघांचीही होईल, फक्त त्यांच्या जखमांत फरक पडेल. हंगामाच्या सुरुवातीला परिवहन विभाग आणि कारखाने ट्रॉल्यांना व बैलगाड्यांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावण्याची मोहीम घेतात. ती कोणाला महसूल देत नाही आणि तिची बातमी एका छायाचित्रापुरती असते, पण या रस्त्यावर तिचे मोल कॅमेऱ्याहून कमी नाही.

कॅमेरा कोठे उभा राहतो : कलम १३६-अ आणि त्याखालील नियम १६७-अ (११ ऑगस्ट २०२१) यांनी इलेक्ट्रॉनिक देखरेखीला रूप दिले. यंत्राचे प्रमाणपत्र दरवर्षी नवे करावे लागते, कॅमेऱ्याआधी सूचनाफलक लावावा लागतो, गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी लागते. झाडाआड दबा धरून गाड्या टिपण्याची पद्धत या नियमाच्या भाषेत बसत नाही. नियमानुसार कॅमेरे राष्ट्रीय व राज्य महामार्गांच्या अधिक धोक्याच्या वा अधिक वर्दळीच्या टप्प्यांवर आणि मोठ्या शहरांत बसवायचे आहेत. सोबत १३२ शहरांची यादी आहे. तिच्यात महाराष्ट्रातील १९ शहरे असून लातूर आणि जालना त्यांत आहेत. बीड जिल्ह्यातील एकही नाही. ही यादी मुळात हवेच्या प्रदूषणाच्या कार्यक्रमातून उचललेली आहे, ही तिची एक गंमत.

कॅमेऱ्यांचा दाट वापर ९४.५ किमीच्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आहे. तेथे जुलै २०२४ पासून बुद्धिमान वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा चालते. दोन कमानींमधला वेळ मोजून ती सरासरी वेगही काढते, त्यामुळे कॅमेरा दिसताच ब्रेक मारून पुढे पुन्हा पाय दाबण्याची युक्ती निष्फळ ठरते. बीडच्या राजकारणातले विनायक मेटे १४ ऑगस्ट २०२२ रोजी याच मार्गावर, मुंबईला जाताना, मोटार अपघातात गेले. याच मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू नोंदले गेले होते आणि पुढील सात वर्षांत ते निम्म्याहून खाली आले. म्हणजे ही घट नव्या यंत्रणेच्या आधीची. तिच्यात कठडे, फलक, धोक्याच्या जागांची दुरुस्ती, जलद रुग्णवाहिका आणि गस्त यांचा वाटा होता. दंड हा त्यातला एक घटक.

पैसा : तिजोरी भरण्याचे साधन म्हणून वेगदंड महाराष्ट्रात फारसा यशस्वी नाही. आकारलेल्या दंडाचा मोठा भाग थकीत राहतो, आणि ‘लोकअदालतीत कमी होईल’ या आशेने मालक थांबतात. संदेश आठवड्याने आला, मालक आणि चालक वेगळे असले, तर चुकीचा आणि शिक्षेचा संबंधच तुटतो. मालमोटारीला एका चलनाला ४,००० रुपये पडतात. जुलै २०२५ मध्ये राज्यातील वाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध संप केला, त्यामागे अशा साचलेल्या रकमांचा रोष होता. त्यानंतर शासनाने मागण्यांच्या विचारासाठी समिती नेमली.

संशयाचे खरे कारण रकमेच्या आकारापेक्षा तिच्या वाटेत आहे. दंड राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत गेला की तो कोणत्या वळणावर परत आला, हे गावाला दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ च्या निकालात दंडाच्या काही भागातून राज्यांनी रस्ता सुरक्षा निधी उभारावा असे सांगितले होते. ब्रिटनने याआधीच असा एक प्रयोग केला होता. २००० ते २००७ या काळात स्थानिक यंत्रणांना कॅमेऱ्यांचा खर्च दंडातूनच काढू दिला, पण कॅमेरा बसवायला त्या जागी आधी किती मृत्यू आणि गंभीर दुखापती झाल्या याची अट ठेवली. अट चांगली होती. तरीही कॅमेरा म्हणजे पैसे खाणारे यंत्र ही लोकभावना गेली नाही आणि योजना गुंडाळली गेली. फ्रान्समध्ये २०१८ मध्ये पेटलेल्या सरकारविरोधी आंदोलनात तर निम्म्याहून अधिक कॅमेरे फोडले वा झाकले गेले.

मराठवाड्यात निषेधाची रीत सौम्य आहे. पुढे पोलीस दिसले की समोरून येणारा ‘डिपर’ देतो, आणि काळी-पिवळीपासून ट्रकपर्यंत सगळे दोन-तीन किलोमीटर शहाण्यासारखे चालतात. दंड एकही होत नाही, वेग मात्र उतरतो. महसुलाच्या हिशेबात ही गळती आहे, सुरक्षेच्या हिशेबात ती तेवढ्या पल्ल्यापुरती जमा धरावी लागेल.

दंडाची तरतूद फक्त चालकासाठी नाही. २०१९ च्या दुरुस्तीतच कलम १९८-अ आहे. रस्त्याचे आरेखन, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार किंवा सल्लागाराला त्याखाली दंड होऊ शकतो. त्याची कमाल मर्यादा एक लाख रुपये, म्हणजे मोटारींची ५० चलने. ही रक्कम मात्र सर्वसाधारण तिजोरीत न जाता मोटार वाहन अपघात निधीत भरायची असते.