हायड्रोजनची ‘पहिली’ गाडी किती वेळा येते?

‘हायड्रोजन फ्युएल सेलच्या गाड्या हे मोटारींचं भविष्य आहे का?’ असा विषय घेऊन तुम्ही संशोधन आराखडा लिहायला बसलात, तर गाईड पहिली लाल रेघ ‘भविष्य’ या शब्दाखाली ओढतील. आणि ते बरोबरच आहे. भविष्याची कागदपत्रं कुठल्याच अभिलेखागारात मिळत नाहीत. भविष्याबद्दलच्या आश्वासनांची मात्र ढिगाने मिळतात. म्हणून प्रश्न थोडा वळवून घ्या: हे भविष्य आहे असं कोणी, कधी, कोणाला सांगितलं, आणि त्यानंतर काय झालं? आता तो इतिहासाचा प्रश्न झाला, आणि त्याला पुरावेही आहेत.

आधी यंत्र समजून घेऊ. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हा प्रयोग आपण सगळ्यांनी शाळेत केलाय, निदान पुस्तकात पाहिलाय. फ्युएल सेल म्हणजे तोच प्रयोग उलटा. दोन्ही वायू एकत्र येतात, वीज मिळते आणि पाणी बाहेर पडतं. आत काही जळत नाही. विल्यम ग्रोव्हने ब्रिटनमध्ये १८३९ च्या सुमारास हे करून दाखवलं, म्हणजे पेट्रोलच्या मोटारीच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी. पुढे अपोलोच्या अवकाशयानांत हीच युक्ती वीज आणि पिण्याचं पाणी दोन्हीसाठी वापरली गेली. जनरल मोटर्सने १९६६ मध्ये एका व्हॅनमध्ये ती बसवली. टाक्या आणि नळ्यांनीच गाडी भरली, माणसांना जागा उरली ती पुढच्या सीटवर. टोयोटाची ‘मिराई’ बाजारात आली डिसेंबर २०१४ मध्ये. जपानी भाषेत मिराई म्हणजेच ‘भविष्य’. शब्द बघा, कसा पाठ सोडत नाही.

आता आपल्याकडे या. टाटा मोटर्स आणि इस्रो यांनी मिळून केलेल्या बसचं प्रात्यक्षिक २०१३ च्या जुलैत तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला झालं. बातम्यांचा मथळा: भारताची पहिली फ्युएल सेल बस. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२२ ला पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांच्या बसचं अनावरण केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते झालं. त्यामागे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, म्हणजे एनसीएलची, मेहनत होती. २०२० मध्ये त्यांनी आधी एका कारवर चाचणी घेतली होती. मथळा: पहिली खऱ्या अर्थाने स्वदेशी हायड्रोजन बस. मग सप्टेंबर २०२३, दिल्ली, टाटा मोटर्स आणि इंडियन ऑइल: पहिली ग्रीन हायड्रोजन बस. मार्च २०२५ मध्ये टाटांच्याच ट्रकच्या चाचण्या सुरू झाल्या: पहिल्या हायड्रोजन ट्रक चाचण्या. हिरवा झेंडा दाखवायला आपल्या नागपूरचे गडकरी.

यातलं कोणीही खोटं बोललेलं नाही, हे नीट लक्षात घ्या. दर वेळी ‘पहिली’च्या मागे एक नवं विशेषण लागलंय, एवढंच. पण बारा वर्षांत चार वेळा ‘पहिली’ येते आणि ‘पाचशेवी’ची बातमी काही येत नाही, हा स्वतःच एक पुरावा आहे. वर्तमानपत्रांची कात्रणं लावताना फक्त काय लिहिलंय ते टिपू नका, काय लिहिलेलं नाही तेही टिपा. २०१३ ची बस नंतर कुठल्या मार्गावर धावली, या प्रश्नापाशी तुमचं खरं काम सुरू होतं. समारंभाची कागदं सापडायला सोपी असतात. डेपोचं लॉगबुक सापडायला जीव जातो.

‘पर्यायी इंधन’ ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. मी ढाणकीचा. उमरखेड तालुक्यातलं हे गाव. रेल्वे नाही, जायचं-यायचं ते रस्त्यानेच. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, ब्रिटिशांच्या ताब्यात. पलीकडे निजामाचं राज्य, जिथे १९३२ पासून निजामाच्या रेल्वे खात्याच्याच बस धावत होत्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश पडला, तिकडचं तेल बंद झालं, पेट्रोलवर रेशनिंग आलं. मग देशभर मोटारींच्या मागे लोखंडी भट्ट्या बसल्या आणि गाड्या कोळशावर चालू लागल्या. घरात नव्वदीचं कोणी असेल तर विचारून बघा. भट्टी पेटवायची, पंखा फिरवायचा, वायू तयार होईस्तोवर थांबायचं, आणि चढ आला की प्रवाशांनी खाली उतरायचं.

मजा अशी की त्या कोळशाच्या वायूत कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजनही असायचा. थोडाच, पण असायचा. म्हणजे ‘हायड्रोजनवर चाललेली पहिली गाडी’ असा मथळा कोणाला हवाच असेल तर १९४२ सालीही देता आला असता! लढाई संपली, पेट्रोल मोकळं झालं आणि त्या भट्ट्या भंगारात गेल्या. तंत्र बिघडलं म्हणून नव्हे. ज्या टंचाईने ते आणलं होतं ती संपली म्हणून. तंत्रज्ञानाच्या इतिहासात ‘चांगलं होतं म्हणून टिकलं’ हे उत्तर फार क्वचित पुरतं. कोणत्या अडचणीवरचा तो उतारा होता, हे आधी बघावं लागतं.

मग हायड्रोजन कोणत्या अडचणीवरचा उतारा आहे? इथे थोडा हिशेब करावाच लागेल. इतिहासवाल्यांना आकड्यांचा कंटाळा असतो, मलाही आहे, पण याला इलाज नाही. विजेने पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो दाबून टाकीत भरायला आणखी काही युनिट. त्या एका किलोत साठलेली ऊर्जा ३३ युनिटची, आणि फ्युएल सेल त्यातली निम्मी-पाऊण नव्हे, निम्म्याच्या आसपास चाकाकडे पोचवतो. म्हणजे शंभर युनिट घातले तर तीसच्या आसपास हाती. तीच वीज सरळ बॅटरीत भरली तर सत्तरच्या वर. फ्रान्समधल्या माँपेलिए शहराने जानेवारी २०२२ मध्ये ५१ हायड्रोजन बसचा बेत याच हिशेबावर सोडून दिला. आपल्या एसटीनेही १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर ‘शिवाई’ सोडली ती बॅटरीची. शेतातल्या मोटारीला वीज रात्री मिळणार की दिवसा, यावर ज्यांचं आठवड्याचं नियोजन ठरतं, त्या माणसांसमोर सत्तर युनिट वाया घालवणाऱ्या योजनेचं गुणगान करताना जीभ जरा अडखळायला हवी.

उलट, पाण्याचा मुद्दा मला तितका पटत नाही. विदर्भात हायड्रोजनवर बोलायला उभं राहिलं की कोणीतरी विचारतंच, ‘प्यायला पाणी नाही अन् गाड्यांना कुठून?’ टाळ्या मिळतात. पण आकडे बघा. एका किलोला किमान नऊ लिटर पाणी. ४ जानेवारी २०२३ ला मंजूर झालेल्या राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनचं उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. म्हणजे सगळ्या देशाला मिळून वर्षाला साडेचार कोटी घनमीटर. शुद्धीकरण आणि थंड करण्याचं धरून दुप्पट-तिप्पट म्हणा. आपल्या एकट्या इसापूर धरणाचा उपयुक्त साठाच त्या मूळ आकड्याच्या वीस पटींच्या आसपास आहे. ऐन उन्हाळ्यात एखाद्या तालुक्यात कारखाना काढला तर तिथे भांडण होईल, ते खरंच. पण अडचणीची मूळ गाठ विजेची आहे, पाण्याची नाही. आपल्या बाजूचा म्हणून कच्चा मुद्दा प्रबंधात ठेवू नका. व्हायव्हात पहिला घाव त्याच्यावरच बसतो.

आश्वासनांचा आणखी एक ताजा इतिहास आपल्या बांधावरच आहे. जट्रोफा, म्हणजे आपली मोगली एरंड. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये अहवाल दिला: पडीक जमिनीवर जट्रोफा लावा, २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवइंधन मिसळू. देशभर रोपं वाटली गेली. २०११-१२ आलं आणि गेलं. पडीक जमिनीवर झाड जगतं, पण बिया देईलच असं नाही, हे उशिरा कळलं. अहवाल लिहिणाऱ्याचं काही गेलं नाही. ज्याने बांध दिला, खड्डे खणले, त्याची वर्षं गेली. २०२३ च्या जुलैत महाराष्ट्राने ८,५६२ कोटींच्या तरतुदीचं स्वतःचं ग्रीन हायड्रोजन धोरण मंजूर केलं. ते वाचताना २००३ चा अहवाल शेजारी उघडून ठेवा. उद्दिष्टाच्या वर्षांची वाक्यं कशी रचली जातात ते दिसेल.

माझं मत विचाराल तर: घरच्या कारसाठी हायड्रोजनची वेळ निघून गेली. शेलने २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातले कारचे हायड्रोजन पंप बंद केले, स्टेलांटिसने जुलै २०२५ मध्ये आपला हायड्रोजन गाड्यांचा कार्यक्रमच गुंडाळला. लांब पल्ल्याच्या जड ट्रकांचं अजून ठरायचंय, आणि बॅटऱ्या दर वर्षी तीही जागा खात चालल्यात.

पण हायड्रोजन ढाणकीत येऊन पोचलाय, आणि गाडीतून नाही, पोत्यातून. युरिया बनतो अमोनियापासून आणि अमोनियाला लागतो हायड्रोजन. अलिबागजवळ थळला आरसीएफचा कारखाना नैसर्गिक वायूपासून तो काढतो, आणि २०२२ पर्यंत ‘उज्ज्वला’ नावाने विकलं गेलेलं युरियाचं पोतं कृषी केंद्रांत येतं. कपाशीला खत टाकणारा शेतकरी हायड्रोजनचा गिऱ्हाईक आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा. हरित हायड्रोजनचा पहिला हक्क बसचा की या पोत्याचा, आणि महाग पडला तर फरक कोण भरणार, यावर समारंभ होत नाहीत, म्हणून मथळेही नाहीत. विषय शोधत असाल तर इथे काम आहे. वऱ्हाडच्या मोटारींसाठी नागपूरचं विदर्भ अभिलेखागार, नदीपलीकडच्यासाठी हैदराबाद, आणि खताच्या अनुदानासाठी संसदेतली प्रश्नोत्तरं, जी घरबसल्या वाचता येतात. सुरुवात प्रश्नोत्तरांपासून करा. तिथे तारखा पक्क्या असतात.