शिळ्या दारूतला खडू

झडलेली काडतुसं घरी पुन्हा भरणाऱ्या अमेरिकन शौकिनांना स्वस्त सरकारी दारूचा मोह जुना आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने लष्कराकडे उरलेली ५० हजार पौंड दारू उचलली, ती ठेवायला कुरणात रेल्वेचा जुना डबा उभा केला आणि जाहिरात देऊन विकायला काढली. असला माल घेणारा आधी दारूच्या डब्यात नाक घालतो. ईथरसारखा गोडसर वास आला तर ठीक. झोंबणारा आंबूस दर्प, तांबूस धूळ किंवा झाकणाच्या आतून गंज दिसला की माल बाद. (बाद झालेली दारू काही जण हिरवळीवर खत म्हणून पसरतात. नत्र असतंच तिच्यात.)

दारू नासते ती का? शनबाइनने १८४६ मध्ये स्फोटक कापूस केला, व्हिएयने १८८४ मध्ये त्यातून बिनधुराची दारू केली. हा स्फोटक कापूस, म्हणजेच नायट्रोसेल्युलोज, पडल्या पडल्या विघटतो, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, त्यांचं आम्ल होतं आणि तेच आम्ल पुढच्या नासाडीला वेग देतं. साठा मोठा असला तर आपोआप पेटूही शकतो. तुलाँच्या बंदरात १९०७ मध्ये ‘इएना’ आणि १९११ मध्ये ‘लिबेर्ते’ या फ्रेंच युद्धनौका उडाल्या, त्याचं खापर अशाच दारूवर फुटलं. मग कृत्रिम रंगांच्या धंद्यातलं डायफेनिलअमाइन ती ऑक्साइडं टिपून घ्यायला दारूत मिसळण्याचा रिवाज पडला. हे सगळं पुस्तकांत सापडतं.

मला गुंतवलं ते पुढच्या प्रकरणाने. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेकडे तोफांच्या दारूचे ढीग उरले आणि वर्षागणिक नासू लागले. न्यू जर्सीतल्या पिकाटिनी शस्त्रागारात फ्रेड ओल्सेन नावाचा रसायनज्ञ या प्रश्नाला भिडला होता. १९२९ मध्ये तो इलिनॉयच्या वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत गेला आणि १९३३ पर्यंत तिथे गोल दाण्यांची ‘बॉल’ दारू तयार झाली. पद्धत सुरेख आहे. जुनी दारू पाण्यात घ्यायची, आम्ल मारायला खडूची पूड टाकायची, इथाइल ॲसिटेट ओतून ती विरघळवायची आणि ढवळत राहायचं. विरघळलेल्या दारूचे पाण्यात थेंब होतात. द्रावक उडवून लावला की प्रत्येक थेंबाचा टणक गोल दाणा.

 

आता वाद. एक पक्ष म्हणतो, ही पद्धत वेग आणि सुरक्षिततेसाठी जन्मली. जुन्या रीतीने दारू व्हायला आठवडे लागत, इथे काम तासांत उरकतं, शिवाय बराचसा वेळ माल पाण्याखाली असल्याने आगीची धास्ती कमी. फायदे खरेच आहेत, पण फायदा म्हणजे जन्माचं कारण नव्हे. माझा साक्षीदार खडू आहे. ताजा स्फोटक कापूस उकळून धुवून त्याचं आम्ल काढता येतं; खडूची खरी निकड भासते ती आंबलेल्या दारूला. म्हणून माझ्या मते बॉल दारू ही मुळात नासलेला माल वाचवण्याची युक्ती. नवा माल करायची रीत ती नंतर झाली, आणि खडू तिच्याबरोबर राहिला.

तो राहिल्याचे परिणाम व्हिएतनाममध्ये दिसले. एम-१६ रायफलीची गोळी ड्यूपाँच्या नळीदार दाण्यांच्या दारूवर बेतलेली होती. १९६४ मध्ये लष्कराने तिच्या काडतुसात डब्ल्यूसी ८४६ ही बॉल दारू आणली. रायफलीचा माऱ्याचा वेग वाढला, वायूच्या बारीक नळीत कीट बसू लागलं, आणि ऐन चकमकीत रायफली अडकू लागल्या. अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने १९६७ मध्ये लष्कराला धारेवर धरलं.

इथे सगळा दोष खडूवर टाकायचा मोह मलाही होतो. पण प्रतिपक्षाचं म्हणणं जड आहे. काडतुसाचं रिकामं कवच आतच चिकटून राहायचं, आणि ते व्हायचं चेंबरला क्रोमचा मुलामा नसल्याने, दमट हवेत तिथे गंज धरल्याने. त्यात ही रायफल साफ करावी लागत नाही असा समज पसरलेला आणि सफाईचं साहित्य अपुरं. तेव्हा कवच अडकण्याचा आळ मी खडूवरून काढतो. नळीतल्या किटाचा मात्र काढत नाही. कारण पुढे लष्कराने स्वतःच दारूतल्या खडूची कमाल मर्यादा एक टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणली. निरुपद्रवी वस्तूवर असली मर्यादा कोण कशाला घट्ट करेल?

त्या कमी खडूच्या दारूला डब्ल्यूसी ८४४ हे नाव मिळालं. हॉजडनच्या कंपनीची एच ३३५ ही तिचीच बाजारातली बहीण. शिवाय लष्करी काडतुसं फोडून काढलेली ८४४ ही ‘सरप्लस’ म्हणून पुन्हा शौकिनांकडे येते आणि ते तिच्या डब्यात आधी नाक घालतात.